पाणी का आले नाही, हे रेडिओने विचारायचे नाही?

वस्तीपुरत्या सामुदायिक रेडिओला वीस वर्षांनंतरही बातमीची मुभा नाही

महापालिकेने कळवले, की उद्या अमुक प्रभागात पाणीपुरवठा बंद राहील, तर त्या प्रभागातील सामुदायिक रेडिओ केंद्राला ही सूचना श्रोत्यांना ऐकवता येते. नियमावलीत तशी तरतूदच आहे. वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्यविषयक इशारे अशा नागरी सुविधांबाबतच्या जाहीर सूचना 'बातमी' मानल्या जाणार नाहीत, असे ती सांगते. मात्र या सूचना स्थानिक प्रशासनाने पुरवलेल्या असल्या पाहिजेत. जलवाहिनी कुठे फुटली, दुरुस्तीचे काम का रखडले, शेजारच्या प्रभागात पाणी येते आणि इथेच का येत नाही, याचा शोध घेऊन त्याच केंद्राने ते श्रोत्यांना सांगितले, तर ती बातमी ठरते. आणि बातमी देण्याची मुभा या केंद्रांना नाही.

पाच ते दहा किलोमीटरच्या परिघात ऐकू येणाऱ्या, जुन्या काळच्या एखाद्या मोठ्या दिव्याइतक्या विजेवर चालणाऱ्या रेडिओ केंद्राला भारतीय राज्यव्यवस्था किती जपून हाताळते, याचा हा नमुना आहे. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातील पहिले सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले. त्याला दोन दशके उलटून गेली. २०२४च्या प्रारंभी अशा केंद्रांची संख्या ४८०च्या पुढे गेली होती. त्याच वर्षी केंद्र सरकारने सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. परवानगीची मुदत वाढली, जाहिरातींचा वेळ वाढला, दर वाढले. बातम्यांवरील बंदी मात्र कायम राहिली. वस्तीच्या रेडिओने वस्तीतील घडामोडी सांगायच्या नाहीत, तर मग सांगायचे काय, हा प्रश्न त्यामुळे जागच्या जागी राहिला आहे.

लहरींची मालकी कोणाची?

हा प्रश्न समजून घ्यायचा, तर थोडे मागे जावे लागते. भारतात प्रक्षेपणावर सरकारचा हक्क आला तो १८८५च्या तार कायद्यातून. पुढे १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरवला. घरात साधा रेडिओ ठेवायचा, तरी पोस्टात शुल्क भरून परवान्याच्या पुस्तिकेवर नोंद करून घ्यावी लागे, हे आज साठी ओलांडलेल्या अनेकांना आठवत असेल. ऐकणाऱ्याची ही परवाना पद्धत ऐंशीच्या दशकात संपली. बोलणाऱ्याची मात्र संपली नाही. २०२३मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा संमत करून या दोन्ही जुन्या कायद्यांना निरोप देण्याची व्यवस्था केली. पण लहरींच्या वापरासाठी सरकारची अनुमती हवी, हे मूळ तत्त्व नव्या कायद्यातही आहे.

त्यात तत्त्वतः गैर काही नाही. लहरींची संख्या मर्यादित असते. एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे एकाच भागात बोलू लागली, तर दोन्ही ऐकू येणे कठीण. तेव्हा वाटप करणारा कोणी तरी हवाच. प्रश्न आहे तो वाटप कोणत्या नात्याने करायचे याचा. मालक म्हणून, की विश्वस्त म्हणून? सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिले. निमित्त होते १९९३च्या हीरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून केंद्र सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात झालेल्या वादाचे. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या खंडपीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्यांचे नियमन लोकहितासाठी सार्वजनिक प्राधिकरणाने करावे, त्यावर सरकारची मक्तेदारी नको आणि खासगी मक्तेदारीही नको, असे या निकालाचे सार आहे. समाजातील सर्व घटकांचे प्रतिनिधित्व करणारे स्वतंत्र, स्वायत्त प्राधिकरण स्थापन करण्यासाठी केंद्राने तातडीने पावले उचलावीत, असेही न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले आणि पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्षपद भूषविलेले न्या. सावंत यांच्या नावाशी हा निकाल कायमचा जोडला गेला आहे.

तीस वर्षांनंतर त्या आदेशाचे काय झाले? प्रसार भारतीचा कायदा १९९७मध्ये अमलात आला. पण ती सरकारी नभोवाणी आणि दूरदर्शनचा कारभार पाहणारी संस्था आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे 'ट्राय'कडे, २००४मध्ये प्रसारण क्षेत्र सोपवले गेले. परंतु परवान्यांच्या बाबतीत ते शिफारशी करते, निर्णय करत नाही. रेडिओ केंद्राला परवानगी देणारे, नियम करणारे, नियमभंगाचा निवाडा करणारे आणि जाहिराती देऊन केंद्राला जगवणारे असे सगळे अधिकार आजही माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या छत्राखालीच आहेत. न्यायालयाला अभिप्रेत असलेला विश्वस्त अजून जन्मालाच आलेला नाही.

पैसेवाल्यांना आधी, वस्तीला शेवटी

लहरी खुल्या झाल्या, त्या क्रमातही बरेच काही दडलेले आहे. २०००मध्ये खासगी एफएम वाहिन्यांसाठी पहिला लिलाव झाला, तेव्हा मुंबईच्या एका वाहिनीचे वार्षिक शुल्क पावणेदहा कोटी रुपयांवर गेले. २०१५च्या तिसऱ्या टप्प्यात मुंबईच्याच एका वाहिनीसाठी १२२ कोटींहून अधिक रकमेची बोली लागली. या वाहिन्यांनी रेडिओला पुन्हा तरुण केले, हे खरे. पण इतका पैसा ओतणारा व्यावसायिक जास्तीत जास्त श्रोत्यांना आवडेल तेच ऐकवणार, हेही तितकेच खरे. चित्रपटगीते, गप्पा आणि जाहिराती यांपलीकडे त्यांची मजल क्वचितच गेली.

सामुदायिक रेडिओचे दार त्यानंतर आणि टप्प्याटप्प्याने उघडले. डिसेंबर २००२मध्ये ते फक्त प्रस्थापित शिक्षणसंस्थांसाठी किलकिले झाले. शेतकऱ्यांच्या, महिलांच्या, वस्त्यांच्या संघटनांना आत येण्यासाठी नोव्हेंबर २००६ उजाडावा लागला. त्या वर्षीच्या धोरणाने किमान तीन वर्षे नोंदणी झालेल्या, नफा न कमावणाऱ्या संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे यांना पात्र ठरवले. व्यक्ती, राजकीय पक्ष व त्यांच्या संलग्न संघटना आणि नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या यांना वगळले. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर, स्थानिकांच्या सहभागाने तयार झाले पाहिजेत, अशी अट घातली. धोरणाचा हा गाभा चांगला होता आणि आजही आहे.

परंतु या विलंबाची किंमत कोणी तरी मोजतच होते. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील मेदक जिल्ह्यात, माचनूर या गावी, दलित महिलांच्या गटांनी चालवायच्या रेडिओसाठी युनेस्कोच्या साह्याने १९९८च्या सुमारासच साधने उभी राहिली होती. स्त्रिया ध्वनिमुद्रण शिकल्या, पीकपाण्याचे, बियाण्यांचे, गाण्यांचे कार्यक्रम तयार करू लागल्या. प्रक्षेपणाची परवानगी नसल्याने त्यांच्या ध्वनिफिती गावोगावच्या बैठकांत वाजवल्या जात. 'संघम रेडिओ' प्रत्यक्ष हवेत गेला तो १५ ऑक्टोबर २००८ रोजी. सगळी तयारी असूनही दहा वर्षे थांबावे लागले.

बिहारमधील उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूर गावात एका दुरुस्तीच्या दुकानातून, सुमारे पन्नास रुपयांत घरी बनवलेल्या प्रक्षेपकावर एक गावठी एफएम केंद्र चालत असे. गाणी, स्थानिक माहिती, हरवलेल्या माणसांच्या सूचना असा त्याचा मामला. परवाना असतो आणि तो काढावा लागतो, याची कल्पनाही ते चालवणाऱ्यांना नव्हती. प्रसिद्धी मिळाली आणि मार्च २००६मध्ये सरकारी यंत्रणेने ते बंद केले. कायद्याच्या दृष्टीने कारवाई चुकीची नव्हती. पण पन्नास रुपयांत जी गरज गावाने भागवली, ती भागवण्याचा कायदेशीर मार्ग त्या गावासाठी त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता. धोरण आले, ते आठ महिन्यांनी.

आज मार्ग आहे. पण तो लांबचा आहे. अर्ज मंत्रालयाकडे करायचा, इतर मंत्रालयांची संमती मिळवायची, इरादापत्र आले की कंप्रता आणि मनोऱ्याच्या जागेसाठी दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेकडे जायचे, मग सरकारशी करारनामा करायचा आणि शेवटी प्रक्षेपणाचा परवाना घ्यायचा. अलीकडे हे सारे संगणकीय प्रणालीवर आले आहे आणि टप्पेही सुटसुटीत झाले आहेत. तरीही सरकारी पत्रव्यवहार सांभाळायला स्वतंत्र माणूस नेमू शकणारी संस्थाच त्यातून निभावते. वस्तीतल्या साध्या मंडळाला किंवा बचतगटांच्या संघाला हे झेपणे अवघड आहे.

मनोरा तीस मीटरचा, इमारत शंभराची

नियमावलीतील तांत्रिक कलमे वाचली, की ती लिहिताना डोळ्यांसमोर खेडे होते, हे जाणवते. अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॉटपर्यंत. विशेष गरज सिद्ध केली, तर २५० वॉटपर्यंत. अँटेनाची उंची जमिनीपासून तीस मीटरपेक्षा अधिक नको. सपाट माळरानावर हा हिशेब ठीक बसतो. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हसवडला २००८मध्ये सुरू झालेले 'माणदेशी तरंग' किंवा बारामतीचे 'वसुंधरा वाहिनी' अशा केंद्रांना त्या शक्तीवर आसपासची अनेक गावे गाठता येतात.

महानगरात मात्र तीस मीटर म्हणजे जेमतेम दहा मजले. मुंबई, ठाणे, पुण्यात त्याहून कितीतरी उंच इमारती गल्लोगल्ली उभ्या आहेत. एफएमच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. वाटेत काँक्रीटची भिंत आली, की त्या क्षीण होतात. त्यामुळे कागदावर दहा किलोमीटर असलेला परीघ शहरात प्रत्यक्षात किती उरतो, हे इमारतींच्या दाटीवर अवलंबून राहते. त्यातच मोठ्या शहरांत खासगी वाहिन्या आणि आकाशवाणी यांच्यामधून उरलेल्या मोजक्याच कंप्रता सामुदायिक केंद्रांच्या वाट्याला येतात आणि भोवतीच्या वाहिन्यांची शक्ती किलोवॉटमध्ये मोजली जाते. शहरातली सामुदायिक केंद्रे म्हटली, की मुंबई आणि पुणे विद्यापीठांची नावे आधी आठवतात, याचे एक कारण जागा, मनोरा आणि चिकाटी या तिन्ही गोष्टी अशा संस्थांकडेच असतात, हे आहे.

पण शहरालाही अशा रेडिओची गरज असते, हे दिल्लीलगतच्या 'गुडगाव की आवाज' या केंद्राने दाखवून दिले. २००९मध्ये सुरू झालेल्या या केंद्राने काचेच्या मनोऱ्यांच्या त्या नगरीत हरियाणवी रागिणी, स्थलांतरित कामगारांच्या बोलीतील गाणी आणि त्यांच्याच तोंडून त्यांच्या अडचणी ऐकवल्या. मूळ गावकरी आणि परप्रांतातून आलेले मजूर यांना एकमेकांचा आवाज ऐकू येण्याची ती एक दुर्मीळ जागा ठरली. 'समुदाय' म्हणजे फक्त खेडे, ही कल्पना धोरणकर्त्यांनी बाजूला ठेवावी, यासाठी एवढे उदाहरण पुरेसे आहे.

बातमी कशाला म्हणायचे?

आता मुख्य मुद्द्याकडे. नियमावलीनुसार सामुदायिक केंद्रांना बातम्या आणि चालू घडामोडींवरील कार्यक्रम प्रसारित करता येत नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रे, आहेत तशी, एका शब्दाचाही बदल न करता पुन्हा ऐकवण्याची सवलत पुढे देण्यात आली. याशिवाय वाहतूक, हवामान, उत्सव, परीक्षा, प्रवेश, रोजगाराच्या संधी आणि प्रशासनाने पुरवलेल्या नागरी सूचना यांना 'बातमी नव्हे' असे प्रमाणपत्र मिळाले आहे.

याचा व्यवहारातील अर्थ विचित्र होतो. दिल्लीत संसदेत काय घडले, हे केंद्राला आकाशवाणीच्या शब्दांत सांगता येते; ग्रामसभेत काय घडले, हे स्वतःच्या शब्दांत सांगताना मात्र जपावे लागते. आरोग्य केंद्रात लस उपलब्ध आहे, हे सांगणे ही सूचना. तिथे दोन आठवडे डॉक्टर आले नाहीत, हे सांगणे कदाचित बातमी. रोजगार हमीच्या कामासाठी नोंदणी सुरू आहे, ही माहिती. केलेल्या कामाची मजुरी मिळाली नाही, ही तक्रार, की विकासविषयक चर्चा, की चालू घडामोड? नियमावलीत शेती, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, समाजकल्याण या विषयांवरील कार्यक्रमांना प्रोत्साहन आहे. या विषयांवर गावाने मोकळेपणी बोलायचे ठरवले, तर बोलणे कारभारावर येणारच. रेषा कुठे ओढायची, हे कोणीच नेमके सांगत नाही. मग केंद्रचालक स्वतःच अलीकडे थांबतात. परवानगी मंत्रालयाची, जाहिराती बहुतांशी सरकारी आणि कारवाईचा अधिकारही त्यांचाच, हे ठाऊक असलेला माणूस दुसरे काय करणार?

सरकारची बाजू सर्वोच्च न्यायालयासमोर आलेली आहे. खासगी आणि सामुदायिक रेडिओवरील बातम्यांच्या बंदीला 'कॉमन कॉज' या संस्थेने २०१३मध्ये जनहित याचिकेद्वारे आव्हान दिले. देशभर विखुरलेल्या केंद्रांच्या बातम्यांवर देखरेख ठेवण्याची यंत्रणा नाही आणि देशविघातक घटक त्यांचा गैरवापर करू शकतात, असा केंद्राचा युक्तिवाद होता. जानेवारी २०१७मध्ये न्यायालयाने सरकारला विचारणा केली, की दूरचित्रवाणीवर आणि छापील माध्यमांत ज्याला मुभा आहे, ते रेडिओवरच का रोखायचे?

सुरक्षेची काळजी उथळ म्हणून उडवून लावण्याजोगी नाही. सीमावर्ती किंवा दंगलग्रस्त भागात एखाद्या अफवेने काय होऊ शकते, हे प्रशासनाला ठाऊक आहे. १९९४मध्ये रवांडातील नरसंहारात एका रेडिओ केंद्राने द्वेषाची आग कशी भडकवली, हा इतिहासही विसरता येत नाही. परंतु या युक्तिवादाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला, सामुदायिक केंद्राची संस्था नोंदणीकृत असते, तिची छाननी झालेली असते, मनोऱ्याची जागा सरकारी नोंदीत असते आणि प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन असते. मग अशा केंद्राइतके सहज सापडणारे दुसरे माध्यम कोणते? दुसरा, आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता या केंद्रांनाही लागू आहे आणि तिच्या भंगाबद्दल प्रक्षेपण स्थगित करण्यापासून परवानगी रद्द करण्यापर्यंत शिक्षेची तरतूद आहे. द्वेष पसरवणाऱ्याला रोखायला ती पुरत नाही काय? तिसरा प्रश्न आजच्या काळाचा. कोणताही परवाना न काढता, नाव न सांगता, कोणीही भ्रमणध्वनीवरून लाखो लोकांपर्यंत ध्वनिचित्रफीत पोहोचवू शकतो. अशा वेळी दहा किलोमीटरच्या रेडिओवर बंदी ठेवून कोणता धोका टळतो? अफवा नोंदणीशिवाय फिरते आणि तिचे खंडन करू शकणारे, वस्तीच्या विश्वासातले, जबाबदार केंद्र गप्प राहते, एवढेच यातून साधते.

'ट्राय'ने सप्टेंबर २०२३मध्ये खासगी एफएम वाहिन्यांना दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या व चालू घडामोडी देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. ती स्वागतार्ह आहे. पण त्यातही क्रम तोच राहण्याची भीती आहे. आधी पैसेवाले, शेवटी वस्ती. वास्तविक स्थानिक बातमीची गरज महानगरातील गाण्यांच्या वाहिनीपेक्षा वार्ताहर न पोहोचणाऱ्या तालुक्याला आणि झोपडवस्तीला अधिक आहे.

इतर देशांनी काय केले?

शेजारच्या नेपाळने १९९७मध्ये 'रेडिओ सगरमाथा'ला परवाना दिला. दक्षिण आशियातील ते पहिले स्वतंत्र सामुदायिक केंद्र मानले जाते. पुढे डोंगराळ खेड्यांत अशी केंद्रे झपाट्याने पसरली आणि बातम्या हा त्यांचा प्राण ठरला. फेब्रुवारी २००५मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेताच पहिल्या निर्बंधांमध्ये एफएमवरील बातम्यांची बंदी होती. पत्रकारांनी चौकात उभे राहून बातम्या वाचून दाखवल्या. पुढच्या वर्षी जनआंदोलनाने राजसत्ता झुकवली आणि बंदी गेली. भारतात लोकशाहीच्या राजवटीत जो नियम शांतपणे चालू आहे, तो नेपाळमध्ये राजाच्या दडपशाहीची खूण मानला गेला, ही बाब अंतर्मुख करणारी आहे.

अमेरिकेत वाद वेगळ्या अंगाने झाला. तेथील संघराज्य दळणवळण आयोगाने जानेवारी २०००मध्ये १०० वॉटपर्यंतच्या ना-नफा केंद्रांसाठी कमी शक्तीच्या एफएमची योजना आणली. मोठ्या केंद्रांच्या संघटनेने छोट्यांमुळे आपल्या प्रक्षेपणात व्यत्यय येईल, अशी ओरड केली आणि त्याच वर्षी संसदेने योजनेला कात्री लावली. शहरांत जागा मिळणे त्यामुळे जवळजवळ अशक्य झाले. मात्र संसदेने व्यत्ययाची प्रत्यक्ष मोजणी करण्याचाही आदेश दिला होता. 'मायटर' या तांत्रिक संस्थेच्या २००३च्या अहवालाने ही भीती निराधार ठरवली. तरी कायदा बदलायला जानेवारी २०११ उजाडला. तिथेही हितसंबंधांनी दहा वर्षे खाल्ली; पण वाद अखेर मोजमापाने सुटला. शिवाय या चिमुकल्या केंद्रांनी बातम्या द्यायच्या की नाहीत, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. व्यावसायिक जाहिराती मात्र त्यांना वर्ज्य आहेत. भारताने नेमके उलट केले. जाहिरातींना वाट दिली आणि बातम्यांना अडवले.

संकटात कोण बोलणार?

या साऱ्याचा कस लागतो तो आपत्तीच्या वेळी. ऑगस्ट २००५मध्ये कॅटरिना वादळाने अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील बहुतेक केंद्रे बंद पाडली, तेव्हा मिसिसिपी राज्यातील बे सेंट लुइस या गावचे कमी शक्तीचे एक केंद्र चालू राहिले आणि पाणी, अन्न, निवारा कुठे आहे, हे सांगत राहिले. जपानमध्ये १९९५च्या भूकंपानंतर कोबे शहरात व्हिएतनामी आणि कोरियन रहिवाशांसाठी त्यांच्या भाषांत बोलणारी छोटी केंद्रे उभी राहिली आणि त्यांतूनच कायमचे सामुदायिक केंद्र जन्माला आले. २०११च्या त्सुनामीनंतर तर तिथे तात्पुरत्या आपत्ती केंद्रांना दूरध्वनीवरच्या तोंडी विनंतीवर परवानगी मिळाली. कागदपत्रे मागाहून.

मुंबईने २६ जुलै २००५ अनुभवला आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, वीज गेली, दूरध्वनी मुके झाले आणि अडकलेल्या लोकांचे निरोप एफएमवरून घरोघरी पोहोचले. त्या रात्री निवेदक जे सांगत होते, ती 'बातमी' होती की 'सूचना', हे तपासायला कोणाला सवड नव्हती. पण नियम रात्रीच्या मेहेरबानीवर चालत नसतात. अशा प्रसंगी 'प्रशासनाने पुरवलेली' माहितीच द्यायची म्हटले, तर प्रशासन स्वतःच पाण्यात अडकलेले असताना वस्तीने कोणाची वाट पाहायची? तमिळनाडूत पांबनच्या मच्छीमारांसाठी २०१६पासून चालणारे 'कडल ओसै' किंवा ओडिशात कोणार्कजवळचे 'रेडिओ नमस्कार' अशा किनारी केंद्रांचे महत्त्व वादळाच्या दिवसांत कोणाला वेगळे सांगावे लागत नाही.

भ्रमणध्वनीच्या युगात रेडिओ कोण ऐकतो, असा आक्षेप यावर येतो. त्यात तथ्य आहे. अनेक नव्या फोनमध्ये एफएमची सोयच उरली नव्हती. मे २०२३मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ती सोय चालू ठेवण्याची सूचना उत्पादकांना केली, तीही आपत्तीच्या काळातील उपयोगाचे कारण देऊनच. इंटरनेटचे मनोरे बंद पडतात, प्रशासन ते बंदही करते. तेव्हा शेवटी उरतो तो सेलवरचा रेडिओ. ज्या माध्यमाला सरकार संकटात आधार मानते, त्याच्या तोंडावर शांततेच्या काळात बोट ठेवणे सुसंगत नाही.

पोटाचा प्रश्न

आर्थिक बाजू थोडक्यात सांगता येईल. २०१२मध्ये कंप्रतेचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून ९१,००० रुपयांवर नेण्यात आले. केंद्रांनी निषेध केला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. २०२४च्या तत्त्वांनी जाहिरातींचा वेळ तासाला सातवरून बारा मिनिटांवर नेला, दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला, पहिली परवानगी दहा वर्षांची झाली आणि अनेक जिल्ह्यांत काम करणाऱ्या संस्थेला सहापर्यंत केंद्रे काढण्याची वाट मिळाली. सल्लागार समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात, ही अटही स्तुत्य आहे. मात्र सहा केंद्रांच्या सवलतीमुळे मोठ्या संस्थांच्या साखळ्या वाढून वस्तीची मालकी पातळ होणार नाही, याकडे लक्ष ठेवावे लागेल. आणि उत्पन्न मुख्यतः सरकारी जाहिरातींतून येणार असेल, तर बातमीची मुभा मिळूनही जीभ कितपत मोकळी होईल, ही शंका उरतेच.

उपाय आवाक्यातले

हे चित्र बदलायला क्रांतीची गरज नाही. केंद्राच्या परिघातील स्थानिक घडामोडींना, सध्याच्याच कार्यक्रमसंहितेच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या बंधनासह, मुभा देता येईल. अशांत जिल्ह्यांसाठी वेगळा विचार करायचा, तर तो कारणे देऊन आणि मुदत घालून करावा. त्यासाठी सबंध देशाला मुके ठेवण्याचे कारण नाही. महानगरांत मनोऱ्याची उंची जमिनीपासून न मोजता भोवतीच्या इमारतींच्या संदर्भात ठरवावी. अर्जाचा निकाल ठरावीक दिवसांत न लागल्यास कारण कळवण्याचे बंधन मंत्रालयावर असावे. आपत्तीसाठी जपानप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारशीवर काही तासांत तात्पुरता परवाना मिळावा. आणि या सगळ्याच्या मुळाशी, १९९५मध्ये सांगितलेले स्वतंत्र प्राधिकरण एकदाचे स्थापन व्हावे. म्हणजे परवाना देणारा, जाहिरात देणारा आणि शिक्षा करणारा हे एकच राहणार नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने लहरी जनतेच्या असल्याचे सांगितले, त्याला तीन दशके झाली. माणदेशातल्या बाईने पावसाच्या, पिकाच्या, ओव्यांच्या गोष्टी त्या लहरींवरून सांगाव्यात, इथपर्यंत सरकार आले आहे. चारा छावणीचे पैसे का थकले, हेही तिने तिथेच विचारावे, यासाठी मंत्रालयाला आपल्याच नियमावलीतील 'स्थानिक प्रशासनाने पुरवलेल्या' हे शब्द तेवढे खोडावे लागतील.